‘जवळपास स्टॉक’ गाडी आणि घट्ट गिअरचा हट्ट

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहरातल्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींचा सौदा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी दुसऱ्याच्या गॅरेजात पाना धरून होतो. त्या पिढीच्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्यात, तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यात आणि फिरत फिरत आमच्यासारख्यांच्या लिफ्टवर यायला लागल्यात.

हे प्रकरण तशाच एका सी २२० सीडीआयचं आहे. गाडी त्या दीडशेंमधली नाही, पुण्याहून आलेली. मालक जालन्याचे, बियाण्यांच्या धंद्यातले. ऐन मे महिन्यात, दुपारी दोनच्या उन्हात ते गाडी घेऊन आले आणि उतरल्या उतरल्या मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बसवायच्या स्प्रिंगा आणि छोट्या व्हॉल्व्हच्या एका किटचा फोटो.

“उस्ताद, हे बसवायचंय. गाडीत दम लई हाय, पण गिअर मेणासारखा पडायलाय. ओव्हरटेकला दाबली की आधी नुसती ओरडती, मग पळती. गिअर कसा, ठासून पडाय पाहिजे.”

“शेठ, गाडीत आधी काही काम केलंय का? चिप, रिमॅप, काही?”

“कायबी नाही. जवळपास स्टॉकच हाय.”

स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. हा ‘जवळपास’ शब्द मी तेव्हा कानाआड केला. पुढचे अडीच महिने तोच महागात पडला, म्हणून प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

गाडीची पेटी, म्हणजे गिअरबॉक्स, मर्सिडीजची पाच गिअरची ऑटोमॅटिक ७२२.६. नव्वदच्या दशकाच्या मध्यात आलेली ही पेटी त्यांच्या कितीतरी गाड्यांत बसली. आपल्याकडच्या जुन्या रेक्स्टन ऑटोमॅटिकलाही मर्सिडीजचीच पाच गिअरची पेटी होती. इंजिन १७० अश्वशक्तीचं, ४०० न्यूटन-मीटर टॉर्कचं (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). पेटीत तीन क्लच (के-१ ते के-३), तीन ब्रेक (बी-१ ते बी-३) आणि तीन ग्रहमालिका, म्हणजे एका मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच. गिअर बदलतो म्हणजे एक क्लच किंवा ब्रेक सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बी-१ सुटतो, के-१ धरतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना के-३ सुटतो, के-२ धरतो. सुटण्या-धरण्याची ही वेळ जुळली की गिअर गुळगुळीत पडतो. सुटणारा लवकर सुटला, धरणारा उशिरा धरला, की मधल्या मधे इंजिन मोकळं होतं आणि आरपीएम वर उडतो. शेठ ज्याला ‘ओरडती’ म्हणत होते ते हेच.

गाडी घेऊन आम्ही सावंगीहून समृद्धीवर चढलो. लिव्हरजवळच्या बटणावर ‘सी’ (कम्फर्ट) दिसत होतं, ते आधी ‘एस’वर केलं. ‘सी’मध्ये ही गाडी हलक्या पायाने उचलली तर सरळ दुसऱ्या गिअरमध्ये निघते, अर्धं मेण तिथेच होतं. शेठना दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यावर ते खूश झाले, आणि मीही तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं नंतर एकदा मनात येऊन गेलं. पण रॅम्पवर पाय दाबला तेव्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा आधी तीनेकशे वर गेला आणि मग खाली आला. हे काही बटणाचं काम नव्हतं.

पहिली फेरी: तेल

घट्ट गिअरचा विषय निघाला की लोक थेट स्प्रिंगवर उडी मारतात. माझा शिरस्ता आधी तेल बघण्याचा. या पेटीत तेल मोजायची काडी कंपनी देत नाही. नळीवर झाकण असतं, काडी गॅरेजवाल्याकडे असते, आणि तिच्यावर दोन खुणा असतात, गार तेलाची आणि ८० अंशांची. आता एक बारकाई सांगतो, कारण इथे मुरलेले मेकॅनिकही फसतात. तेलाच्या तापमानाचा सेन्सर हा पी (पार्किंग) आणि एन (न्यूट्रल) मध्ये तुटणाऱ्या एका संपर्काच्या मालिकेत जोडलेला आहे. म्हणजे गाडी पी मध्ये उभी करून स्कॅनरवर बघाल तर दिसणारा आकडा इंजिनच्या पाण्यावरून घेतलेला असतो, पेटीच्या तेलाचा नाही. खरं तापमान बघायचं तर पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर आर (रिव्हर्स) किंवा डी (ड्राइव्ह) मध्ये न्यायची, आकडा वाचायचा आणि परत पी मध्ये येऊन काडी घालायची. आधी कुणीतरी या गाडीत तेल ‘टॉप-अप’ केलं होतं, बहुधा पी मधला आकडा बघूनच. तेल खुणेच्या बरंच खाली होतं.

गेलं कुठं? पेटीच्या बाजूला १३ पिनांचं एक गोल कनेक्टर आहे. त्याच्या ओरिंगा (रबरी कड्या) वयाने कडक होतात आणि तेल पाझरायला लागतं. नुसतं खाली ठिबकलं तर ठीक. पण दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते वायरींच्या आतून चढत चढत पेटीच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं, आणि मग पाच-सातशे रुपयांच्या कनेक्टरचं काम हजारोंत जातं. इथे कनेक्टर ओला होता, कॉम्प्युटरची टोकं कोरडी. नशीब.

पॅन, म्हणजे पेटीच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवला. तळाच्या चुंबकावर काळपट करड्या रंगाचा लेप होता. पोराला म्हणालो, बोटावर घे आणि पांढऱ्या कागदावर ओढ. काजळासारखी मऊ रेघ उमटली, कुठे चमक नाही, टोचणारा कण नाही. म्हणजे लोखंड झिजलंय, पण तुटलेलं काही नाही. तेल मात्र लालचं तपकिरी झालेलं, वास करपट. सुरुवातीला या पेटीचं तेल आयुष्यभराचं मानलं जायचं. नंतर ते ६०,००० किलोमीटरला बदलायचं ठरलं. या गाडीने एक लाख ओलांडले होते आणि पॅनचं गॅस्केट जुनंच दिसत होतं.

पॅन सोडून चार-पाच लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा जोर तेलातून पेटीला देणाऱ्या भागात) राहतं. ते पेटीच्या तेलाच्या कूलरच्या पाइपातून थोडं थोडं काढत नवीन भरलं. मर्सिडीजच्या २३६.१४ मंजुरीचं तेल, नवा फिल्टर, नवं कनेक्टर. आमच्याच लाइनीतल्या एका जुन्या मित्राने सल्ला दिला होता की टाइप-एफ तेल टाक, गिअर आपोआप ठासून पडतात. अमेरिकन जुन्या गाड्यांत ही युक्ती चालायची हे खरं, कारण त्या तेलात घसरण मऊ करणारे घटक नसतात. पण या पेटीतलं कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि पेटी थेट जोडणारा क्लच) मुद्दाम थोडं घसरत चालवलेलं असतं. तिथे असलं तेल घातलं की गाडी खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरते. मित्राला चहा पाजला, सल्ला घेतला नाही.

मग स्कॅनरने पेटीचं शिकलेलं सगळं पुसलं. ही पेटी शिकते. क्लच किती वेळात तेलाने भरतो, किती दाबाला धरतो, हे कॉम्प्युटर प्रत्येक गिअरला मोजतो आणि पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. जुन्या, कमी तेलावर ती चुकीचं शिकलेली होती. हलक्या पायाने सगळे गिअर पुन्हा पुन्हा टाकत जालना रोडला दोन फेऱ्या मारल्या. हलक्या पायाचे गिअर छान झाले. पाय दाबला की दुसऱ्या-तिसऱ्याची ओरड मात्र शिल्लक, पूर्वीपेक्षा कमी, पण शिल्लक.

दुसरी फेरी, आणि माझी चूक

इथे मी थांबून विचारायला हवं होतं की हलक्या पायाला ठीक आणि दाबल्यावरच घसरतं, असं का? त्याऐवजी मी म्हणालो, “आता किट बसवू.” ते मागवून ठेवलेलंच होतं. शेठच्या डोळ्यांत ते किट, माझ्या डोळ्यांत काम. दोघांनाही जे हवं होतं ते दिसलं.

व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब क्लच-ब्रेककडे वळवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा, उघडायची म्हणजे मे महिन्यात आमच्याकडे पहिली लढाई धुळीशी. हवेचा कूलर बंद केला, कारण तो बाहेरची धूळ आत फेकतो. फरशीवर पाणी मारलं, शटर अर्धं खाली ओढलं. टेबलावर जुनी सतरंजी नको, कॉटन वेस्ट नको, बनियनचं कापडही नको. एक धागा व्हॉल्व्हच्या खोबणीत अडकला तरी तो व्हॉल्व्ह अडकतो. कोरी कागदी शीट, त्यावर सगळे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. या बॉडीत बारीक गोळ्या आणि जाळीच्या छोट्या टोप्या आहेत. वरची अर्धी बाजू उचलताना त्या जागेवर राहतात की नाही, हे देवाच्या हातात नसून तुमच्या हाताच्या धीरावर असतं. मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय एकही गोळी हलवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. बोल्ट टॉर्क पान्याने ८ न्यूटन-मीटरला. अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियमचा सपाटपणा जातो.

किटमधल्या सगळ्या स्प्रिंगा बसवल्या. सगळ्या. हीच चूक.

पहिले दोन दिवस शेठचा फोन म्हणजे नुसतं कौतुक. “ऐकलं का उस्ताद, आता कसं बंदुकीवानी पडायलेत!” तिसऱ्या दिवशी घरातून तक्रार आली. वहिनींच्या मांडीवरची भाजीची पिशवी पहिल्या-दुसऱ्या गिअरला सांडली होती. बाजारात हळू चालताना मागून कुणी ढकलावं तसा धक्का. डी मध्ये टाकताना ‘ठक्’.

हे का झालं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. या पेटीचे गिअर ३.५९, २.१९, १.४१, १ आणि ०.८३. पहिल्यात इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर दुसऱ्यात त्याला साधारण १,८३० वर यावं लागतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात ३,००० चे १,९३०. तिसऱ्यातून चौथ्यात २,१३०. चौथ्यातून पाचव्यात तर फक्त २,४९०. म्हणजे सगळ्यात मोठी उडी पहिल्या गिअरला, आणि त्याच गिअरला चाकावर जोरही सगळ्यात जास्त पोचतो. सारख्याच ताकदीची स्प्रिंग सगळीकडे बसवली की धक्का सारखा बसत नाही. पहिल्या-दुसऱ्याला तो दुप्पट वाटतो. कॉम्प्युटर आपल्या बाजूने दाब कमी करून बघतो, पण त्याच्या दुरुस्तीलाही हद्द असते. हद्दीच्या पलीकडे स्प्रिंगच राज्य करते.

मऊ गिअर वाईट आणि घट्ट गिअर चांगला, असंही नाही. गिअर फार वेळ घेतो तेव्हा इंजिन हळू होताना सोडलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन क्लचच्या चकत्यांत जाते, आणि त्या करपतात. फार कमी वेळ घेतला की तीच ऊर्जा शाफ्ट, रबर आणि माउंटवर (इंजिन-पेटीच्या रबरी आधारांवर) हातोड्यासारखी आदळते. चकत्या वाचतात, रबर मरतं. शेठची गाडी एका टोकावरून मी दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली होती.

झिप-टाय

‘ठक्’चा माग काढायला गाडी परत लिफ्टवर घेतली. पेटीतून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या रबरी डिस्कला बोल्टच्या भोकांभोवती भेगा होत्या. जुन्याच असणार, पण मऊ गिअरला बोलत नव्हत्या. डिस्क बदलली, आवाज निम्मा गेला. मग इंजिनचं माउंट बघायला वरून हात घातला, आणि बोटांना काहीतरी लागलं. झिप-टाय, वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी.

कंपनीच्या वायरिंगला त्या जागी झिप-टाय नसतो. टॉर्च लावली तर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली एक वायर, आणि ती जात होती काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या काळ्या डब्याकडे, एअर फिल्टरच्या मागे दडवलेल्या. डिझेलच्या कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणाऱ्या नळीच्या) दाबाचा सेन्सर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या मधोमध बसवलेला ट्यूनिंग बॉक्स. पुण्याच्या आधीच्या कुणा मालकाने लावलेला, आणि विकताना सांगितला नसलेला.

हे बॉक्स काय करतात? सेन्सरचा दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतात. इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतो, दाब कमी आहे, वाढवा. दाब वाढतो, डिझेल जास्त जातं, ताकद वाढते, आणि कॉम्प्युटरला वाटतं की सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. स्कॅनरवरही काही दिसत नाही, कारण स्कॅनरला तोच खोटा आकडा मिळतो.

आता गिअरबॉक्सकडे या. पेटीचा कॉम्प्युटर क्लचला किती दाब द्यायचा हे इंजिनच्या कॉम्प्युटरने सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो. इंजिन म्हणतं ३२० न्यूटन-मीटर, प्रत्यक्षात येतं त्याहून बरंच जास्त. पेटी ३२० च्या हिशोबाने दाब देते, आणि के-२ घसरतो. हलक्या पायाला हा फरक नगण्य, म्हणून तिथे सगळं ठीक. दाबलं की फरक मोठा, म्हणून ओरड. इतके दिवस समोर असलेलं कोडं एका झिप-टायने सुटलं. गिअर मऊ नव्हता, पेटीला खोटं सांगितलं जात होतं. आणि मी ते खोटं स्प्रिंगांनी झाकायला निघालो होतो.

गिअर बदलताना पेटी इंजिनला क्षणभर टॉर्क कमी करायलाही सांगते. बॉक्समुळे तोही हिशोब अर्धवटच राहत होता.

शेठना बोलावलं, डबा हातात दिला. ते बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिले. “म्हंजे गाडीत दम होता तो ह्याचा?” म्हणालो, काही भाग ह्याचा, हो. मग पर्याय दोनच. डबा ठेवायचा, घट्ट स्प्रिंगा ठेवायच्या, आणि के-२ किती दिवस टिकतो ते बघत राहायचं. किंवा डबा काढायचा आणि थोडी ताकद गमवायची. माझं मत मी लपवलं नाही: पंधरा वर्षांच्या पेटीला तिच्या मूळ हिशोबातच चालू द्यावी. ते म्हणाले, “विचार करून सांगतो.” दुसऱ्या दिवशी फोन आला, “काढा. पण डबा मला परत द्या.”

तिसरी फेरी

डबा काढल्यावर सगळ्या स्प्रिंगांनिशी गाडी सगळीकडेच आदळायला लागली, ते अपेक्षितच होतं. पुन्हा कूलर बंद, पुन्हा पाणी मारलेली फरशी. या पेटीत पहिल्या-दुसऱ्याचा आणि चौथ्या-पाचव्याचा व्हॉल्व्हगट एकच आहे. तो पूर्ण मूळ स्प्रिंगांवर आणला. चौथ्या-पाचव्यात उडी एवढी लहान की तिथे काही गमावलं नाही. मुख्य दाबाची स्प्रिंगही मूळचीच. दुसऱ्या-तिसऱ्याच्या आणि तिसऱ्या-चौथ्याच्या गटांत किटच्या स्प्रिंगा ठेवल्या. शिकलेलं पुसलं, पुन्हा जालना रोड.

शेवटची चाचणी औट्रम घाटात केली. कन्नडहून खाली उतरून परत वर. चढावर वळणातून बाहेर पडताना अर्ध्या पायाला दुसरा-तिसरा, मग ओव्हरटेकला पूर्ण दाबून. स्कॅनरच्या आलेखावर टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधून पेटीत जाणाऱ्या फिरतीचा) वेग वर उडत नाही, एकाच उतरत्या रेषेत खाली येतो. आधी सुमारे पाऊण सेकंद घेणारा गिअर आता अर्ध्या सेकंदाच्या आत संपत होता. हातात लिव्हर धरली तर गिअर पडल्याचं कळतं, पण मांडीवरची पिशवी सांडत नाही. शेठ बाजूला बसून होते. वर माथ्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, “हां. असं.”

हिशोबाचं सांगायचं तर किट, ते आणण्याचं भाडं आणि दोनदा व्हॉल्व्ह बॉडी उघडण्याची मजुरी यातली दुसऱ्या वेळची मजुरी मी लावली नाही. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या मागे हात घातला असता तर ते काम झालंच नसतं. तेव्हापासून ‘जवळपास स्टॉक’ म्हणणाऱ्या प्रत्येक डिझेलचा रेल सेन्सर मी आधी हाताने चाचपतो.

चार हजार किलोमीटरनंतर गाडी आली होती. काडीवर तेल खुणेवर, रंग लाल, कनेक्टर कोरडं. के-२ ने आधी किती सोसलं याचं उत्तर पेटी उघडल्याशिवाय मिळणार नाही, आणि आज उघडण्यासारखं काही नाही, असं शेठना स्पष्ट सांगितलंय. डिसेंबरच्या गार सकाळी पहिला-दुसरा अजूनही किंचित लांबतो. तेल तापलं की जातो. त्याला हात लावलेला नाही.